आश्विनातला मेळघाट

‘सीझन’ हा शब्द मराठीने आपलासा केला त्याला बराच काळ लोटला. त्याच्या पाठोपाठ ‘ऑफ-सीझन’ हा त्याचा गरीब भाऊही आपल्या घरात येऊन राहिला. आपल्या पूर्वजांनी वर्षाचे सहा ऋतू केले आणि प्रत्येकाला त्याचे फूल, फळ व पक्वान्न दिले. प्रवासी-व्यवसायाने त्यांचे दोनच ऋतू केले : गर्दीचा आणि बिनगर्दीचा. या हिशेबात शरदाची फार उपेक्षा झाली आहे. संस्कृत कवींनी ज्याचे वर्णन करताना शब्दांची काटकसर केली नाही, तो ऋतू डोंगरावरच्या हॉटेलमालकाला निव्वळ मंदीचा वाटतो. पावसाळ्यातले धुके ओसरलेले असते, थंडी अजून पडलेली नसते आणि दिवाळीच्या सुट्ट्यांना अवकाश असतो. खोल्यांना कुलपे आणि नाक्यावरच्या भज्यांच्या गाड्यांवर ताडपत्री, असे ते दिवस.

नेमक्या अशा दिवसांत, २०२३ च्या दसऱ्यानंतर, मला मेळघाटात सहा दिवस राहण्याचा योग आला. सेमिनरीतला माझा एक वर्गबंधू अमरावती धर्मप्रांतात काम करतो. “पावसात येऊ नकोस, उन्हाळ्यातही नको, आश्विनात ये, तेव्हा इथे बोलायला माणसे मोकळी असतात,” असे तो वर्षानुवर्षे लिहीत आला होता. तरुण सहकाऱ्याने रविवारची उपासना सांभाळण्याचे मान्य केले आणि मी कोल्हापूर स्थानकावर महाराष्ट्र एक्सप्रेसमध्ये बसलो. ही गाडी आपल्या राज्याचा आडवा छेद घेत जाते. दिवसा उजेडी ऊस आणि साताऱ्याकडचे डोंगर, रात्रीतून मनमाड-भुसावळ, आणि सकाळी डोळे उघडतात तो काळ्या रानात पांढरा कापूस. गाडी पुढे गोंदियापर्यंत जाते; मी बडनेऱ्यास उतरलो. तेथून अमरावती, परतवाडा आणि मग घाट चढणारी एस.टी. चिखलदऱ्याच्या त्या बसमध्ये आम्ही पाच प्रवासी होतो आणि एक कोंबडा.

आम्हा कोल्हापूरकरांच्या मनात जंगल म्हटले की दाजीपूर उभे राहते. १९५८ साली अभयारण्य म्हणून घोषित झालेले ते राधानगरीचे रान म्हणजे लाल माती, बारमाही हिरवी झाडी, गवे आणि पाऊस. आमच्या गगनबावड्याला वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस होतो. चिखलदऱ्याला त्याच्या चौथाईच्या आसपास. उंची मात्र चांगली, सुमारे अकराशे मीटर. महाराष्ट्राच्या उत्तर सीमेवर सातपुड्याची जी गाविलगड नावाची रांग आहे, तिच्या माथ्यावर हे गाव बसले आहे आणि त्याच्या उत्तरेला व पश्चिमेला मेळघाटचे अरण्य पसरले आहे. घाटांचा मेळ, म्हणून मेळघाट. खंडू, खापरा, सिपना, गडगा आणि डोलार या पाच नद्या त्यातून वाहतात आणि सगळ्या तापीला मिळतात. चंद्रभागा नावाची एक नदीही याच डोंगरांत उगम पावते. पंढरपूरशी तिचा काही संबंध नाही. दक्षिणेकडे उतरून ती पूर्णेला मिळते. पण त्या थंड पाण्यात हात बुडवताना नावाचा परिणाम व्हायचा तो होतोच.

सेमिनरीत आम्हाला इंग्रजी वाङ्मयातली पानगळ शिकवली गेली. पिवळी, तांबडी पाने, मंद धुके, मावळते वर्ष असे सारे आम्ही पाठ केले, आणि खिडकीबाहेर पुण्याचा ऑक्टोबर भट्टीसारखा तापलेला असे. आपल्याकडे झाडांची पाने शरदात गळत नाहीत, शिशिरात गळतात, हे कळायला पुस्तक बाजूस ठेवावे लागले. म्हणून मेळघाटात शिरल्यावर सागाची राईच्या राई तपकिरी झालेली पाहून मी चक्रावलो. वाटले, येथे पानगळ तीन महिने आधीच आली की काय? एक पान हातात घेतले तर त्याची नुसती जाळी उरलेली. शिरांचे नाजूक विणकाम तेवढे शाबूत आणि मधला सारा हिरवा भाग नाहीसा झालेला. ही करामत एका लहानशा पतंगाच्या अळीची. पावसाच्या उत्तरार्धात ती सागावर तुटून पडते आणि शिरा सोडून बाकी सर्व खाते. झाड मरत नाही. पाने नावापुरती फांदीवर राहतात आणि पुढे यथाकाल गळतात. सूर्य तिरपा झाला की त्या लक्षावधी जाळ्यांतून उजेड गाळून येतो. एवढे सुंदर दृश्य किडीने केलेले असावे, हे पचायला थोडा वेळ लागला.

वाघ मात्र या दिवसांत दिसत नाही. १९७३-७४ मध्ये ‘व्याघ्र प्रकल्प’ सुरू झाला तेव्हा देशातील पहिल्या नऊ राखीव क्षेत्रांत मेळघाटची निवड झाली. महाराष्ट्रातले ते पहिले. गाभा आणि भोवतीचे क्षेत्र मिळून आज ते सुमारे २,७६८ चौरस किलोमीटर भरते. पण आश्विनात गवत पुरुषभर उंच असते आणि ओहोळाओहोळाला पाणी असते. उन्हाळ्यात पाणी आटले की जनावरे मोजक्या पाणवठ्यांवर येतात. बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसून त्यांची गणना करतात ती त्याचसाठी. आता कोणाला कुठे जाण्याची गरज नाही. वाघ असेल तर दहा हातांवर गवतात बसलेला असेल आणि आपण त्याच्या पाहण्यात असू. आमच्या जीपच्या वाटेवर आडवे आले ते कोळी : रस्त्याच्या या झाडापासून त्या झाडापर्यंत ताणलेली, उन्हात सोनेरी चमकणारी जाळी आणि मध्यभागी तळहाताएवढी धनीण. बरोबरच्या तरुण वाटाड्याने जीप थांबवली, खाली उतरला आणि काठीने जाळ्याचे एक टोक सोडवून बाजूच्या फांदीला लावले. “तोडून चालत नाही का?” मी विचारले. “रात्रभर विणलंय, सर,” एवढेच तो म्हणाला.

दुसरी एक भेट व्हावी अशी माझी इच्छा होती, ती रानपिंगळ्याची. वीतभर उंचीचे हे घुबड. १८७३ मध्ये ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी त्याचे शास्त्रीय वर्णन केले. राष्ट्रीय सभेच्या स्थापनेत ज्यांचे नाव आपण शाळेत घोकले, तेच हे ह्यूम. १८८४ मध्ये खानदेशात डेव्हिडसन नावाच्या अधिकाऱ्याने त्याचे नमुने गोळा केले आणि त्यानंतर पक्षी जणू पृथ्वीवरून पुसला गेला. शोधणाऱ्यांची आणखी एका गोष्टीने दिशाभूल झाली. कर्नल माइनर्ट्झहागेन या नामांकित पक्षितज्ज्ञाने १९१४ मध्ये गुजरातेत तापीकाठच्या मांडवीजवळ आपण हा पक्षी मिळवल्याची नोंद ठेवली होती. जाणकार तेथे जाऊन शोधत राहिले. पुढे पामेला रासमुसेन या विदुषीने संग्रहालयांतील नमुने तपासले तेव्हा उघडकीस आले की, तो पक्षी मुळात डेव्हिडसनच्याच संग्रहातून चोरलेला होता आणि त्याला खोटी चिठ्ठी लावलेली होती. चोरीच्या त्या चिठ्ठीने पिढ्यान्‌पिढ्यांचे श्रम वाया घालवले. रासमुसेन आणि त्यांचे सहकारी मग जुन्या खऱ्या ठिकाणांकडे वळले आणि २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी, दिवसाढवळ्या निष्पर्ण फांदीवर बसलेला रानपिंगळा त्यांना दिसला. ११३ वर्षांनी! नंतर तो मेळघाटातही सापडला. हे घुबड दिवसा शिकार करते. इतर घुबडांप्रमाणे त्याची वाट रात्री पाहण्यात अर्थ नाही. मला ते दिसले नाही. दोन सकाळी त्याचा आवाज मात्र वाटाड्याने ओळखून दाखवला, आणि मी तेवढ्यावर समाधान मानले.

गाविलगडावर एक अख्खा दिवस गेला. १८०३ च्या डिसेंबरात, असई आणि आडगावच्या लढायांनंतर, इंग्रजांनी हा किल्ला नागपूरकर भोसल्यांकडून घेतला. दक्षिणेची बाजू तुटलेल्या कड्यांची, म्हणून सारा भरवसा तिच्यावर. पण कर्नल स्टीव्हन्सनच्या फौजेने तोफा डोंगरदऱ्यांतून ओढत, वळसा घालून उत्तरेकडून आणल्या. १५ डिसेंबरला तट फुटला, किल्लेदार बेनीसिंग पडला आणि दोन दिवसांनी देवगावचा तह झाला. सेनापती आर्थर वेलस्ली पुढे वॉटर्लूचा विजेता ठरला, एवढे इतिहासाचे पुस्तक सांगते. तोफांसाठी त्या रानातून वाट काढायला कोणाकोणाला जुंपले असेल, हे ते सांगत नाही. बुरुजावर आम्ही दोघेच होतो. डोंगराखाली वऱ्हाडचे मैदान उन्हात झगझगत होते. कोजागरीच्या रात्री अंगणात दूध आटवले. त्या वर्षी कोजागरीला खंडग्रास चंद्रग्रहण होते. मध्यरात्रीनंतर पूर्णचंद्राच्या कडेचा एक लहानसा तुकडा काळा पडला आणि तासाभराने पुन्हा उजळला.

येथवर जे लिहिले ते कोणाही प्रवाशाने लिहावे तसे आहे, आणि ते खोटेही नाही. पण माझ्या मित्राने मला आश्विनात बोलावले ते कोळ्याच्या जाळ्यासाठी नव्हे. चौथ्या दिवशी त्याने मला एका कोरकू गावात नेले. गावाचे नाव मी येथे लिहीत नाही.

कोरकू ही मेळघाटातील मुख्य जमात. ‘कोरो’ म्हणजे माणूस आणि ‘कू’ हा अनेकवचनाचा प्रत्यय. कोरकू म्हणजे माणसे. त्यांची भाषा मराठी-हिंदीच्या कुळातली नव्हे, गोंडांसारखी द्राविडीही नव्हे. ती झारखंडातल्या मुंडारी आणि संताळीची बहीण आहे, आणि त्या कुळातली सर्वांत पश्चिमेची. शेकडो मैलांच्या परक्या भाषांच्या समुद्रात हे बेट कसे टिकले असेल याचे मला मोठे नवल वाटत आले आहे. गावाची रचना आखीव. एक सरळ रुंद रस्ता आणि त्याच्या दोन्ही अंगांस एकमेकांकडे तोंड करून ओळीने घरे. अंगणे शेणाने सारवलेली, इतकी स्वच्छ की चपला घालून जायला संकोच वाटावा. मक्याची कणसे आढ्याला टांगलेली. कुटकीच्या भाताबरोबर तुरीचे पातळ वरण आम्हाला वाढले गेले.

“हे दिवस बरे,” माझा मित्र म्हणाला. त्याचा अर्थ जेवताना समजत गेला. मेळघाटचे नाव महाराष्ट्राला दोन कारणांनी ठाऊक आहे : वाघ आणि बालमृत्यू. १९९३ मध्ये कुपोषणाने मरणाऱ्या बालकांच्या वार्तांनी राज्य हादरले. तेव्हापासून उच्च न्यायालयात याचिका चालत आल्या आहेत. बैरागडसारख्या आडगावी जन्म वेचणारे डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे यांना २०१९ मध्ये पद्मश्री मिळाली. या मृत्यूंचे एक कॅलेंडर आहे. मागल्या पिकाचे धान्य आषाढापर्यंत संपत आलेले असते. पावसात रोजगार नसतो. नाल्यांना पूर येऊन वाटा तुटतात. आई दिवसभर शेतात, घरी मूल थोरल्या बहिणीच्या कडेवर; आणि हिवताप, जुलाब, न्यूमोनिया यांचे दिवस हेच. म्हणजे श्रावण-भाद्रपद. चिखलदऱ्याच्या कड्यांवर धुके पाहायला ज्या महिन्यांत गाड्यांची रीघ लागते, नेमके तेच महिने. मी हे कोणावर दोष ठेवण्यासाठी लिहीत नाही. धुके पाहणे हा काही अपराध नव्हे. पण हॉटेलवाल्याचा ‘सीझन’ आणि त्या घरांतला उपवास एकाच पानावर पडतात, आणि हॉटेलला कुलूप लागते तेव्हा कोरकूच्या चुलीवर नवे धान्य चढते, ही गोष्ट मला कोणत्याही माहितीपुस्तिकेत आढळली नाही.

गावाबाहेर एका जुन्या झाडाखाली सागाचे कोरीव खांब उभे होते. काही नवे, काही पावसाने करडे झालेले, दोन-तीन कलंडलेले. त्यांना ‘मुंडा’ म्हणतात. घरातले माणूस गेले की काही काळाने, ऐपत होईल तेव्हा, त्याच्या नावाने हा खांब करून घेतात. त्यावर सूर्य, चंद्र आणि घोड्यावर बसलेली आकृती कोरतात. ते सर्व विधी पुरे झाले म्हणजे मृताला पूर्वजांत जागा मिळते. खांब झाला नाही तोवर तो अधांतरी.

तेथे एक वृद्ध गृहस्थ आम्हाला भेटले. ते कोरकूतच बोलत आणि वाटाडा मराठीत सांगे. गावात त्या दिवसांत एकच विषय होता : उठायचे की राहायचे? गाव व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्यात. अशा गावांनी स्वेच्छेने बाहेर जावे म्हणून २००८ पासून कुटुंबामागे १० लाख रुपये देऊ केले जात, २०२१ पासून ती रक्कम १५ लाख झाली. बोरी, कोहा, कुंड ही गावे या शतकाच्या आरंभीच उठली. मागून आणखी गेली. तरुणांना दवाखाना, शाळा, रस्ता हवा आहे, आणि तो त्यांना का नको असावा? वाटाडा स्वतः त्याच मताचा. उठलेल्या गावांच्या जागी कुरणे झाली, चितळ-गवे तेथे चरतात आणि त्यांच्यामागे वाघ येतो, हेही त्याने अभिमानाने सांगितले. दुसऱ्या बाजूची गोष्टही त्याला माहीत होती. खाली वसवलेल्या गावांतील काही कुटुंबे, कबूल केलेले मिळाले नाही म्हणून पुन्हा जंगलात परतली आणि २०१९ च्या जानेवारीत त्यावरून रानात झटापट होऊन दोन्हीकडची माणसे जखमी झाली. वृद्ध गृहस्थ हे सारे ऐकून घेत होते. मग खांबांकडे हात करून त्यांनी काही विचारले. वाटाडा जरा थांबला आणि म्हणाला, “आजोबा विचारतात, घराचे पैसे देतात, विहिरीचे देतात, झाडाचे देतात म्हणे. यांचे काय करायचे?”

माझ्या मित्राने उत्तर दिले नाही. मीही नाही.

मला आमची दफनभूमी आठवली. कोल्हापुरातून पुण्या-मुंबईस गेलेली कितीतरी कुटुंबे २ नोव्हेंबरला परत येतात; ज्यांना जमत नाही त्यांचे फोन येतात : “फादर, आईच्या थडग्यावर मेणबत्ती लावाल ना?” मी नाव लिहून घेतो आणि लावतो. गेलेल्यांच्या वतीने तेथे उभे राहणारे कोणीतरी मागे असते, म्हणून जाणाऱ्याला जाता येते. गाभ्यातले गाव उठले तर मागे कोण उरणार? तेथे जायचे तर परवानगी काढावी लागते. आणि हे केवळ सातपुड्यातले आहे असेही नाही. चांदोलीचे अभयारण्य १९८५ मध्ये झाले आणि २००४ मध्ये ते राष्ट्रीय उद्यान झाले. वारणेच्या धरणासाठी आणि त्या जंगलासाठी उठलेल्या गावांतील माणसे आमच्या जिल्ह्याच्या सपाटीवर उसाच्या शेजारी येऊन राहिली. आपल्या मागण्यांसाठी ती कलेक्टर कचेरीसमोर बसलेली मी पाहिली आहेत. त्यांतल्या एका म्हाताऱ्या बाईला मी एकदा विचारले होते की, जुन्या गावची काय आठवण येते? ती म्हणाली, “सावली.” उसाला सावली नसते, हे तोवर माझ्या ध्यानात आले नव्हते.

मेळघाटातली ती शांतता, जिच्यासाठी आम्ही शहरातली माणसे बिनगर्दीचे दिवस निवडतो, तिच्यात मला त्या दिवसापासून एक प्रश्न ऐकू येऊ लागला. एखादे मोकळे कुरण दिसले की मी वाटाड्याला विचारी, “हे पूर्वीपासून असेच का?” कधी तो हो म्हणे. एकदा त्याने चिंचेचे मोठे झाड दाखवले आणि म्हणाला, “चिंच आपण होऊन अशी रांगेत उगवत नाही, सर.”

उतरताना बस खचाखच भरलेली होती. येताना जी बस रिकामी होती तीच. बोचकी, जर्मनची पातेली, कापडात गुंडाळलेले विळे आणि मांडीवर पोरे. माझी बॅग कोठे ठेवावी हा प्रश्न कंडक्टरने स्वतःच्या पायाशी जागा करून सोडवला. “सोयाबीन सोंगायला अन्‌ कापूस वेचायला चालले सारे,” तो म्हणाला. “काकाजी, तुमचा सीझन संपला की यांचा लागते.” दिवाळीपुरते परत येतील आणि पुन्हा खाली जातील. पोरांच्या शाळेचे काय, असे मी विचारले. त्याने तिकिटाचे यंत्र माझ्यासमोर धरून नुसती मान हलवली.

पायथ्याशी सीताफळे विकायला होती. या भागातील पायविहीर नावाच्या लहानशा गावाने २०१२ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला, उजाड जमीन राखली, झाडे लावली आणि आता तेथील ग्रामसभा आपल्या रानातली सीताफळे विकते. माझ्या मित्राने ती गोष्ट मला पुन्हा पुन्हा सांगितली होती, जणू गावातल्या त्या संध्याकाळनंतर तीच एक सांगण्यासारखी उरली होती. माझ्या शेजारच्या बाईने घरची दोन सीताफळे फडक्यातून काढली, एक आपल्या मुलाला दिले आणि दुसरे काही न बोलता माझ्या हातात ठेवले. परतवाड्याच्या स्थानकाबाहेर पिकअप गाड्या उभ्या होत्या. मुकादम वहीत बघून माणसे मोजत होता. त्याने दोनदा मोजले, कडेवरची मुले सोडून. ती बाई गाडीत चढली आणि गाडी अंजनगावच्या रस्त्याला लागली. मला बडनेऱ्याची गाडी गाठायची होती. कोल्हापुरास सर्व मृतांच्या दिवसापूर्वी पोहोचणे भाग होते.